टायटल्स संपेपर्यंत कोण थांबतं? आणि सिनेमा नक्की कोणाचा?

ओसरीवरून
गेल्या आठवड्यात आम्ही घरचे अकरा जण एक मराठी सिनेमा बघून आलो. नाव सांगणार नाही, विचारू नका. माझा भाचा त्यात सहाय्यक संकलक होता. आठ महिने हा मुलगा रात्री दोन-दोन वाजता घरी यायचा. त्यामुळे सिनेमा कसा आहे यात कुणालाच फार रस नव्हता, आम्ही त्याचं नाव बघायला गेलो होतो. त्याची आजी तर मध्यंतरातच विचारायला लागली, "आलं का रे?"

सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली तोच दिवे लागले, दारं उघडली, साफसफाईवाले आत आले. आम्ही अकरा जण खुर्च्यांपुढे उभे, माना वर. अक्षरं मुंगीएवढी आणि मागे कुत्रं लागल्यासारखी पळणारी. लाइटमनपर्यंत पोचलो आणि पडदा काळा. पुढच्या शोची घाई. आजीनं विचारलं, "मग होतं का?" भाचा म्हणाला, "असेल." घरी येईपर्यंत दुसरं काही बोलला नाही.

तर जाणकारांना प्रश्न. ही नावं ठरवतं कोण? गाळलं तर कुठे दाद मागता येते का? आणि मला जास्त छळणारा प्रश्न म्हणजे सुरुवातीलाच दिग्दर्शकाचं नाव "अमुक यांचा चित्रपट" म्हणून येतं. दीडशे माणसं राबली, मग तो एकाचा कसा?

फुकट पास
मी कायम शेवटपर्यंत थांबतो. पार्किंगमधली गर्दी ओसरावी म्हणून.

उंटावरचा शहाणा
भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सिनेमा दिग्दर्शकाचाच. इमारत गवंडी बांधतात म्हणून ती गवंड्यांची होत नाही. ज्याच्या डोक्यात नकाशा होता त्याची होते. बाकीचे कितीही गुणी असले तरी त्याच्या सांगण्यावरून काम करतात.

कातरीवाला
गवंड्याचा दाखला देणाऱ्याचा नकाशा सहसा कोरा असतो, हा माझा अनुभव. :)

मी संकलनात होतो. पॉझिटिव्ह कापून टेपनं चिकटवायच्या काळात शिकलो आणि कॉम्प्युटर आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकलो. दिग्दर्शक शूटिंग संपवून येतो तेव्हा त्याच्याकडे नकाशा नसतो. त्याच्याकडे पन्नास-साठ तासांचा ऐवज असतो आणि पोटात गोळा असतो. त्यातून सिनेमा आहे की नाही हे अंधाऱ्या खोलीत ठरतं. शेवटाकडचा एक सीन आम्ही उचलून पहिल्या रिळात टाकला आणि नायिका खलनायिका व्हायची वाचली, हे मी स्वतः केलेलं आहे. समीक्षकांनी त्याला "पटकथेची घट्ट वीण" म्हटलं.

ओसरीवरून, तुमच्या भाच्याचं काम काय असतं ते आजींना सांगा. रोज आलेलं फुटेज उतरवून घेणं, चित्र आणि आवाज क्लॅपवर जुळवणं, प्रत्येक टेकला नाव देणं, कुठला टेक कुठे आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगणं, मग साउंडला, संगीतकाराला, व्हीएफएक्सला (कॉम्प्युटरवरची दृश्यकरामत), डीआयला (रंग जुळवणारे) प्रत्येकाला हव्या त्या पद्धतीनं फायली काढून देणं. हे नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तर पहिला फोन त्यालाच.

मधली सुट्टी
+१. आमच्या ऑफिसात याला "सिस्टीम ॲडमिन" म्हणतात. त्याचंही नाव कुणाला माहीत नसतं.

पडद्यामागे
मी सात वर्षं सहाय्यक दिग्दर्शक होतो. आता विमा विकतो, झोप मिळते. टायटल्सची यादी कशी तयार होते ते सांगतो, म्हणजे "ठरवतं कोण" याचं उत्तर मिळेल. कुणीच ठरवत नाही. शूटिंग चालू असताना यादी करायचं कुणाच्या डोक्यातही नसतं. मिक्सिंग चालू आहे, डीआय चालू आहे, सेन्सॉरची तारीख लागली आहे, आणि त्या रात्री प्रॉडक्शनला आठवतं की टायटल्स द्यायची राहिली. मग सगळ्यात धाकट्या एडीला (सहाय्यक दिग्दर्शकाला) सांगतात, "बाळा, नावं गोळा कर." बाळ जुन्या कॉलशीट (त्या दिवशी सेटवर कुणी कधी यायचं याचे कागद) काढतं, पेमेंटची व्हाउचर्स चाळतं आणि व्हॉट्सॲपवर टाकतं, "आपापलं नाव स्पेलिंगसकट पाठवा, अर्जंट." निम्मे पाठवत नाहीत, कारण ते तोवर दुसऱ्या सेटवर डबल शिफ्ट करत असतात. लाइटच्या खात्याकडून यादी येते ती पप्पू, बबलू, छोटू अशी.

सेटवर सगळे दादा असतात. लाइट दादा, स्पॉट दादा, मेकअप दादा, ड्रेस दादा. ऐकायला गोड वाटतं. पण मी पहिल्यांदा यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ज्या माणसानं सहा महिने मला उन्हात पाणी आणून दिलं त्याचं नाव मला माहीत नव्हतं. शेवटी त्याच्या कामासमोर "दादा" एवढंच लिहून पाठवलं. कुणी हटकलंही नाही. पडद्यावर "दादा" असंच आलं. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

आता तुमच्या भाच्याची गोची. पोस्टची, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामाची माणसं सेटवर येत नाहीत, म्हणून कॉलशीटमध्ये नसतात. त्यांची यादी त्यांच्या प्रमुखानं पाठवायची असते. संकलकानं पाठवली नाही, किंवा जुनी पाठवली, की संपलं. तेव्हा प्रॉडक्शनला शिव्या देण्याआधी संकलकाला विचारा.

क्रमाचं म्हणाल तर सुरुवातीच्या पाट्या आणि शेवटची चढती यादी या दोन वेगळ्या दुनिया आहेत. सुरुवातीच्या पाट्या करारात असतात. कुणाचं नाव एकट्यानं, कुणाचं दोघांत, कुणाच्या नावाआधी "आणि". एखाद्या मोठ्या नटाचं नाव सगळ्यांच्या शेवटी "आणि" लावून येतं ना, ती मागची जागा नव्हे. ती भांडून घेतलेली असते. फारच चिघळलं तर "पडद्यावर येण्याच्या क्रमानुसार" असं लिहून सगळे सुटतात. दिग्दर्शक शेवटच्या पाटीवर. शेवटची चढती यादी मात्र मेहेरबानी.

सात मजली
पडद्यामागे, मस्त प्रतिसाद. वेगळा धागा काढा यावर.

फुकट पास
"कार्यकारी निर्माता" म्हणजे काय ते पण सांगून टाका. आमच्या सोसायटीत एक राहतात, दर वेळी वेगळं सांगतात.

पडद्यामागे
आपल्याकडे कार्यकारी निर्माता म्हणजे सगळी व्यवस्था बघणारा माणूस. जनरेटर बंद पडला की याचा फोन वाजतो. हॉलिवूडमध्ये त्याच नावाची पाटी पैसा उभा करणाऱ्याला, हक्क विकत घेणाऱ्याला, कधी नटाच्या मॅनेजरलाही मिळते. सहनिर्माता म्हणजे पैसे घातलेला, किंवा पैसे मिळाले नाहीत म्हणून नावावर समाधान मानलेला. तुमच्या शेजाऱ्यांची सगळीच उत्तरं बरोबर असतील.

काळा डगला
"सिनेमा कोणाचा" यावर एवढी चर्चा चालली आहे तर कायदा काय म्हणतो ते सांगतो. उंटावरच्यांना आवडणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यांच्या कलमातच लिहिलं आहे की सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्याच्या जोडीनं कर्ता मानायचा प्रस्ताव होता. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ती तरतूद गळालेली होती. फ्रान्समध्ये याच्या उलट आहे. तिथे दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि सिनेमासाठी संगीत रचणारा हे सगळे सहकर्ते धरले जातात.

नाव गाळल्याचं म्हणाल तर कलम ५७ लेखक, संगीतकार अशा कर्त्यांना "हे माझं आहे" म्हणायचा हक्क देतं, कॉपीराइट विकून टाकल्यावरसुद्धा. पण सहाय्यक संकलक कायद्याच्या भाषेत कर्ता नव्हे. त्याच्याकडे असला तर करार. करारात नाव देण्याचं कलम आहे का?

आणखी एक. २०१२ च्या दुरुस्तीनं कलाकारांनाही आपली ओळख सांगण्याचा हक्क दिला. पण त्याच वेळी "कलाकार" या व्याख्येला एक शेपूट जोडलं. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचं नाव कुठेच दिलं जात नाही, तो कलाकार धरायचा नाही. त्याला फक्त आपल्या कामाची विकृत मोडतोड थांबवायचा हक्क राहतो. म्हणजे बघा, नाव मागायचा हक्क त्यालाच, ज्याचं नाव एरवीही येतं. गर्दीतला ज्युनिअर आर्टिस्ट नावाअभावी कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव मागू शकत नाही.

कातरीवाला
करार? डगलासाहेब, सहाय्यकांना करार देणारं प्रॉडक्शन भेटलं तर मला कळवा. मी पेढे वाटीन.

कोरा कागद
मी लिहितो. एका सिनेमाचे पूर्ण संवाद लिहिले, सतरा खर्डे. सिनेमा आला तेव्हा "संवाद" या पाटीवर दिग्दर्शकाच्या मेहुण्याचं नाव आणि माझं नाव "अतिरिक्त संवाद" मध्ये. म्हणजे जेवण त्यांचं आणि लोणचं माझं. विचारलं तर म्हणाले, "पैसे पूर्ण मिळाले ना?" मिळाले होते. हेच त्यांना कळत नव्हतं की पैसे त्या कामाचे असतात आणि नाव पुढच्या कामाचं. पुढच्या निर्मात्याला मी काय दाखवणार? लोणचं?

सलीम-जावेद यांनी "जंजीर"च्या वेळी (१९७३) काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पोस्टरवर लेखकांचं नाव नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं. त्या गड्यानं काही ठिकाणी ते नटांच्या तोंडावरच रंगवलं. तेव्हापासून हिंदी पोस्टरवर लेखक दिसायला लागला असं म्हणतात. दिसतो का खरंच? पुढचं पोस्टर दिसलं की बघा.

पहिल्या दिवसापासून एक करा, हे नवीन लेखकांना सांगणं. कथा, खर्डा, जे असेल ते स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा आणि मग तोंड उघडा. तिथे तंटा सोडवायला समितीही आहे. मी नोंदवलं नव्हतं.

बोलपट
कोरा कागद, वाईट झालं. उलटं उदाहरणही आहे. "मुघल-ए-आझम" (१९६०) च्या संवादांना चार नावं आहेत, अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा, एहसान रिझवी. कुणाचा कुठला संवाद हे आजवर लोक भांडतात, पण नावं चारही आहेत.

अमेरिकेत लेखकांच्या संघटनेनं तर व्याकरणच करून ठेवलं आहे. दोन नावांमध्ये "&" असेल तर दोघांनी जोडीनं लिहिलं, "अँड" असं अक्षरी असेल तर एकानंतर दुसऱ्यानं. वाद झाला तर तीन लेखकांचं लवाद मंडळ सगळे खर्डे वाचून ठरवतं, आणि ते तिघं कोण हे वादींना कळत नाही. निर्मात्याच्या मेहुण्याला तिथे फार वाव नाही.

उंटावरचा शहाणा
लवाद, संघटना ठीक आहे. पण "अमक्याचा सिनेमा" असं आपण म्हणतो ते शैलीमुळे. गुरुदत्तचा सिनेमा दोन मिनिटं बघितला तरी ओळखू येतो.

बोलपट
कुठला? "साहिब बीबी और गुलाम"?

उंटावरचा शहाणा
उदाहरणार्थ, हो.

बोलपट
पडद्यावर दिग्दर्शक म्हणून अब्रार अल्वींचं नाव आहे, साहेब. फिल्मफेअरचा दिग्दर्शनाचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला.

मधली सुट्टी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उंटावरचा शहाणा
ते माहीत आहे. गाणी गुरुदत्तनंच केली होती, आणि बाकीच्यावरही त्याची छाप आहे. पाटीवर काय लिहिलंय त्यावरून ठरत नाही, हाच माझा मुद्दा.

कातरीवाला
म्हणजे पाटीवरचा दिग्दर्शक खरा दिग्दर्शक नाही, पण पाटीवरचा दिग्दर्शक सिनेमाचा मालक. उंट कुठल्या कुशीवर बसणार आहे ते आधी ठरवा.

आणि ज्याला तुम्ही गुरुदत्तची शैली म्हणता त्यातली निम्मी व्ही. के. मूर्तींची. "कागज के फूल" (१९५९) मधला तो उजेडाचा झोत आठवा, "वक्त ने किया" गाण्यातला. आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवून आणलं होतं. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायालेखक, २००८ सालचा पुरस्कार. म्हणजे त्या झोतानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

उंटावरचा शहाणा
निम्मी नाही म्हणणार. पण मोठा वाटा होता, मान्य. गुरुदत्तनं मूर्तींना तो झोत टाकायला सांगितलं, हेही काही कमी नाही.

जुनी तबकडी
नाव फाळक्यांचं निघालंच आहे तर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची आठवण काढा. "राजा हरिश्चंद्र" (१९१३) च्या वेळी फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवून ती धुणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवणं आणि वर सगळ्या कंपूचा स्वयंपाक, हे त्या बाईंनी केलं. आजच्या टायटल्समध्ये त्या बसवल्या तर प्रयोगशाळा, लाइट आणि केटरिंग अशा तीन खात्यांत नाव येईल.

पण मी मुळात गाण्यातला माणूस. गाण्याच्या बाबतीत नावाची लढाई सिनेमापेक्षा जास्त रंगतदार आहे. "महल" (१९४९) च्या "आएगा आनेवाला"च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं "कामिनी". ते पडद्यावरच्या पात्राचं नाव! श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. "चोरी चोरी"च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा जयकिशन म्हणाले समारंभात "रसिक बलमा" गा. लताबाई म्हणाल्या, गायकांना पुरस्कारच नाही तर मी का गाऊ, वादकांकडून वाजवून घ्या. त्यानंतर पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, "मधुमती"च्या "आजा रे परदेसी"साठी.

नुसताच वाचक
पण त्याच लताबाईंनी मराठीत "आनंदघन" नावामागे दडून संगीत दिलं, ते कसं?

जुनी तबकडी
तेच तर. "साधी माणसं" (१९६५) ला राज्य पुरस्कार मिळाला, आनंदघन हे नाव पुकारलं गेलं आणि समोर बसलेल्या लताबाई जागच्या हलल्या नाहीत, शेवटी निवेदकानंच गुपित फोडलं, असा किस्सा सांगतात. ज्याचं नाव झालेलं आहे त्याला ते लपवायची चैन परवडते. तुमच्या भाच्याला नाही.

आणि ज्यांची नावं कुणी विचारलीच नाहीत त्यांचं काय? शंकर-जयकिशनच्या सिनेमांत बारीक अक्षरांत "सहाय्यक: दत्ताराम, सेबॅस्टियन" असं असायचं. तो मोठा वाद्यवृंद कागदावर उतरवायचे सेबॅस्टियन डिसूझा. व्हायोलिननी कुठे चढायचं, कुठे थांबायचं, सगळं स्वरलेखनात. आणि ढोलकीचा तो ठेका तर वादकांत आजही "दत्ताराम ठेका" म्हणून ओळखला जातो. म्हणजे पाटीवर सहाय्यक, आणि ठेक्याला स्वतःचं नाव. दुसरे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलाल यांचे गुरू. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी "अमर अकबर अँथनी" (१९७७) च्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. सगळा देश ते नाव गायला आणि बहुतेकांना वाटलं पात्राचं आहे.

सात मजली
धागा सिनेमाचा आहे हो, आकाशवाणीचा नाही. पण चालू द्या, आवडतंय.

पिक्सेलघासू
मी व्हीएफएक्समध्ये आहे. माझं काम रोटो. म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड प्रत्येक फ्रेममध्ये हातानं आखायची, सेकंदाला चोवीस फ्रेम. नायिकेचे केस वाऱ्यावर उडत असले की आमच्याकडे सुतक असतं.

लोक म्हणतात हॉलिवूडच्या सिनेमाची टायटल्स दहा-दहा मिनिटं चालतात, तिथे सगळ्यांना न्याय. नाही. स्टुडिओ आमच्या कंपनीला सांगतो की तुमच्या वाट्याला इतकी नावं. काम केलेलं असतं त्याच्या कितीतरी पट माणसांनी. मग आतल्या आत ठरतं. कधी वरिष्ठांची जातात, कधी चिठ्ठ्या. मी चिठ्ठीत एकदा जिंकलो आहे. आईला फोटो पाठवला.

आणि नाव मिळूनही काय होतं ते "लाइफ ऑफ पाय"चं बघा. २०१३ मध्ये व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं आणि ते काम करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेलेली होती. तिची ऑफिसं मुंबईत आणि हैदराबादेतही होती. व्यासपीठावर माणूस त्याबद्दल बोलायला लागला तर "जॉज" या शार्कच्या सिनेमाचं संगीत वाजवून त्याला उतरवला.

मधली सुट्टी
शार्क आणून उतरवला म्हणा की. :)

कोल्हापुरी चप्पल
भानू अथैया यांचा उल्लेख कसा नाही कुणी केला? आमच्या कोल्हापूरच्या. "गांधी"साठी जॉन मोलो यांच्यासोबत वेशभूषेचं ऑस्कर, आणि तेही भारतातलं पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते अकादमीकडे परत सुपूर्द केलं, आपल्यामागे नीट जपलं जावं म्हणून. यावर इथली मंडळी काय ते समजून घ्या.

पडद्यामागे
पुरस्कार म्हणजे नाव नीट तपासून दिलं असंही नाही. ६८ वे राष्ट्रीय पुरस्कार २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यात "डोल्लू" या कन्नड सिनेमाला प्रत्यक्ष ठिकाणी ध्वनिमुद्रण केल्याबद्दलचा पुरस्कार होता. सिनेमाचे ध्वनिसंयोजक नितीन लुकोस यांनीच सांगितलं की सिनेमा डब केलेला आहे, सिंक साउंड नाहीच. ध्वनिकार रसूल पूकुट्टींनीही जाहीरपणे विचारलं. ज्युरीला ऐकून फरक कळला नाही. आता हे ध्वनिवाल्यांनी कौतुक समजायचं का अपमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नुसताच वाचक
स्टंटवाल्यांचं पण बोला. "शोले"तल्या टांग्याच्या पाठलागात बसंतीसाठी रेश्मा पठाण होत्या, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी हेमामालिनींच्या धाडसाचं कौतुक करत होतो.

बोलपट
त्यांना उशिरा का होईना, दिवस आले. ऑस्करवाल्यांनी कास्टिंगचा पुरस्कार २०२५ च्या सिनेमांपासून धरला आणि स्टंटचा २०२७ च्या सिनेमांपासून. आपल्या फिल्मफेअरनंही सरोज खान यांच्या "एक दो तीन"नंतर नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला होता. आधी कुणीतरी असं काम करतं की डोळेझाक जमत नाही, मग खातं उघडतं.

उंटावरचा शहाणा
एक राहिलं. नाव नको असणारेही असतात. अमेरिकेत दिग्दर्शकाला स्वतःच्या सिनेमाची लाज वाटली तर "ॲलन स्मिदी" हे खोटं नाव लावायची अधिकृत सोय होती. १९६९ च्या एका वेस्टर्नपासून चालू झाली. पुढे ते नाव इतकं माहीत झालं की २००० साली बंद करावी लागली.

फुकट पास
ही सोय मराठीत ताबडतोब सुरू करावी. मी दोन-तीन नावं सुचवू शकतो.

कातरीवाला
उंटावरच्या, हे उदाहरण पण तुमच्या विरुद्धच जातं, बरं का. सिनेमा दिग्दर्शकाचा असता तर त्याला नाव काढून पळावं का लागलं असतं? कुणीतरी दुसऱ्यानं कापला म्हणूनच ना?

उंटावरचा शहाणा
तुम्ही संकलक, तुम्ही कापणारच.

ओसरीवरून
मंडळी, आभार. सगळे प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवले. दत्ताराम ठेक्यावर आमचे मेहुणे टेबल वाजवत बसले होते.

आता ताजी बातमी. सिनेमा ओटीटीवर आला. तिथेही सिनेमा संपल्याबरोबर नावांची खिडकी कोपऱ्यात टिकलीएवढी होते आणि दुसराच कुठला सिनेमा सुरू व्हायला लागतो. रिमोटशी झटापट करून थांबवलं आणि एकेक फ्रेम पुढे नेत वाचलं. "सहाय्यक संकलक" खाली दोन नावं आहेत. त्यातलं एकही त्याचं नाही. एक मुलगा दुसऱ्याच महिन्यात सोडून गेला होता, त्याचं मात्र आहे.

पुढे नेत राहिलो. शेवटी "विशेष आभार" मध्ये सापडलं. ज्यांच्या बंगल्यात शूटिंग झालं त्या मालकांच्या खाली आणि एका पाळीव प्राण्यांच्या दवाखान्याच्या वर. आडनावात एक अक्षर कमी.

आजी खूश आहे. म्हणाली, "बाकीच्यांचे नुसते आभार, याचे विशेष."

जुनी तबकडी
आजींना नमस्कार सांगा.

पडद्यामागे
हे तेच झालं. संकलकानं जुनी यादी पाठवली असणार, मग कुणीतरी ओरडलं आणि टायटल्स रेंडर व्हायच्या आत जिथे जागा होती तिथे घुसवलं. सेन्सॉर झाल्यावर बदल केला तर बोर्डाला कळवायचं, मास्टर पुन्हा काढायचा, एका नावासाठी ते कुणी करत नाही. संकलकाकडून कामाचं पत्र तरी घ्या. आयएमडीबीवर (सिनेमांची माहिती देणारी वेबसाइट) नोंद करता येईल, फक्त पडद्यावर ते पद नाही म्हणून पुढे "अनक्रेडिटेड" असं लागेल.

काळा डगला
मेसेज, फायलींचे ईमेल, पैसे जमा झाल्याच्या नोंदी सगळं जपून ठेवायला सांगा.

कोरा कागद
आता तरी सिनेमाचं नाव सांगा. इथे चार लोक लिहितील तर त्यांना लाज वाटेल.

ओसरीवरून
नाही हो. त्याच संकलकानं पुढच्या सिनेमाला बोलावलंय. सोमवारपासून जायचंय.

फुकट पास
या खेपेला नावाचं आधीच बोलून घेतलं ना?

ओसरीवरून
बोललाय. व्हॉट्सॲपवर अंगठा आलाय.